वेष आणि वृत्ती : चॉसरच्या यात्रेकरूंचे कपडे
(मंडळाच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाच्या आधीचं भाषण ही वक्त्याची खरी परीक्षा असते. मागच्या दारातून मसालेभाताचा वास येतो आहे आणि तो माझ्यापेक्षा जास्त प्रभावी बोलतो आहे, हे मला इथूनही कळतंय. तेव्हा समितीने दिलेल्या वेळेत आटपायचा प्रयत्न करतो.

आज आपण गावाकडच्या शाळांमधल्या मुलामुलींच्या गणवेशासाठी आणि पायातल्या बुटांसाठी पैसे जमवतो आहोत. म्हणून म्हटलं, कपड्यांवरच बोलावं. मात्र ते कपडे सहाशे वर्षांपूर्वीचे, आणि आपण जिथे राहतो त्या इंग्लंडातले. जेफ्री चॉसर या कवीने 'कँटरबरी टेल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत काही यात्रेकरूंची वर्णनं केली आहेत. त्यात कोणाची बाही कशी, कोणाच्या टोपीवर काय टाचलंय, कोणाच्या नाकावर चामखीळ आहे, असले बारीकसारीक तपशील आहेत. आणि त्या तपशिलांतून माणसं अशी काही उभी राहतात की वाचणारा म्हणतो, अरे, याला तर मी ओळखतो!

ज्यांनी पु.लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' वाचलंय (म्हणजे या हॉलमधल्या बहुतेकांनी) त्यांना ही मजा वेगळी समजावून सांगायला नको.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने चालायला लागलं की डाव्या हाताला टॅलबॉट यार्ड नावाची एक साधीशी गल्ली लागते. तिथे पूर्वी 'टॅबर्ड' नावाची खाणावळ-कम-धर्मशाळा होती. जुनी इमारत १६७६ च्या आगीत गेली, नंतर बांधलेलीही एकोणिसाव्या शतकात पाडली. आता तिथे पाहण्यासारखं काही नाही. पण चॉसरची गोष्ट तिथून सुरू होते. एप्रिल महिना आहे, पाऊस पडून गेलाय, आणि एकोणतीस यात्रेकरू त्या रात्री मुक्कामाला आलेत. कँटरबरीला जायचंय, संत थॉमस बेकेटच्या दर्शनाला. हा बेकेट कँटरबरीचा आर्चबिशप. ११७० साली त्याचा कॅथीड्रलमध्येच खून झाला, आणि पुढची साडेतीनशे वर्षं लोक त्याच्या समाधीला जात राहिले. वाट लांबची, म्हणून खाणावळीचा मालक हॅरी बेली सुचवतो की प्रत्येकाने जाताना दोन आणि येताना दोन गोष्टी सांगायच्या. ज्याची गोष्ट सरस, त्याला परत आल्यावर बाकीच्यांनी मिळून जेवण द्यायचं. आपल्या वारीत अभंग म्हणतात, यांनी गोष्टी सांगितल्या. अर्थात हे बहुतेक सगळे घोड्यावर आहेत, एवढा फरक.

चॉसरने हे काम साधारण १३८७ च्या सुमारास हाती घेतलं आणि १४०० साली तो वारला तेव्हा ते अपुरंच होतं. पण प्रस्तावना पूर्ण आहे, आणि आज मी फक्त तिच्यावरच बोलणार आहे.

हा चॉसर कोण? दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्याबद्दलची सगळ्यात जुनी लेखी नोंद सापडते ती १३५७ सालची. अल्स्टरच्या काउंटेसच्या घरच्या खर्चाच्या वहीत लिहिलंय की चॉसर नावाच्या पोरासाठी एक आखूड कोट, लाल-काळे पायमोजे आणि बुटांचा जोड घेतला. गंमत बघा, इंग्रजी कवितेचा जनक म्हणून ज्याला मानतात, त्याची इतिहासातली पहिली ओळख आहे त्याच्या कपड्यांचं बिल! दुसऱ्याच्या पैशांनी मिळालेले कपडे आणि बूट. म्हणजे एका अर्थाने गणवेशच.

मोठेपणी, १३७४ पासून बारा वर्षं, तो लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीवर हिशेब तपासनीस होता. लोकर म्हणजे त्या काळच्या इंग्लंडचं सोनं. कुठलं कापड कुठून आलं, त्याचा भाव काय, आणि अंगावर घालणाऱ्याला ते परवडतं का, हे या माणसाला हात लावून कळत असणार. कापडाच्या दुकानात वाढलेल्या माणसाची नजर असते ना, तशी त्याची नजर.

आता त्याची पद्धत पाहू. आपल्याकडे नायिकेचं वर्णन 'नखशिखान्त' करतात, म्हणजे पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत. युरोपात उलटं होतं. तिकडच्या काव्यशास्त्राच्या पुस्तकांत, उदाहरणार्थ तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जेफ्री ऑफ विन्सॉफने लिहिलेल्या लॅटिन पुस्तकात, सुंदर स्त्रीचं वर्णन डोक्यापासून सुरू करून पावलापर्यंत यावं असा शिरस्ता सांगितलाय. केस, कपाळ, भुवया, डोळे, अशी उतरत्या क्रमाने यादी. दिशा कोणतीही असो, अशा वर्णनात एक अडचण असते. सगळ्या नायिका एकसारख्या दिसायला लागतात.

चॉसरने हा क्रम मोडला. त्याची नजर आपल्या नजरेसारखी फिरते. लग्नात समोरून कोणी आलं की आपण काय डोक्यापासून पायापर्यंत रांगेने पाहतो का? आधी गळ्यातलं दिसतं, मग एकदम चपला, मग कोणाशी कसं बोलतोय ते, मग परत गळ्यातलं. चॉसर तसंच लिहितो. आणि तो कधीही 'हा माणूस लबाड आहे' असं म्हणत नाही. उलट प्रत्येकाचं कौतुक करतो. निवेदक थोडा भोळसट, सगळ्यांना चांगलं म्हणणारा. शेवटी तो वाचकांची माफीही मागतो, की मी लोकांना त्यांच्या दर्जाप्रमाणे ओळीने बसवलं नाही, माझी अक्कलच तोकडी. ही तोकडी अक्कल फार धारदार आहे बरं का!

पहिलाच मान सरदाराचा, म्हणजे नाइटचा. याने पंधरा लढाया केल्यात. मग अंगावर काय असेल? भरजरी काहीतरी? नाही. जाडंभरडं सुती कापड, आणि त्यावर चिलखताचे डाग. मोहिमेवरून नुकताच परत आलाय, आणि कपडे बदलायला न थांबता यात्रेला निघालाय. घोडे उत्तम आहेत, म्हणजे पैसा नाही असं नाही, पण थाट नाही. त्या एका डागाने सगळं सांगितलं.

त्याच्या शेजारी त्याचा विशीतला मुलगा. केस असे कुरळे की जणू साच्यात दाबून काढलेत. अंगरखा आखूड, बाह्या लांब आणि रुंद, आणि सगळ्यावर लाल-पांढऱ्या फुलांचं भरतकाम, जणू कुरणच अंगावर घेतलंय. बाप लढून मळलेला, मुलगा प्रेमात पडून नटलेला. चॉसर या मुलाला हसतो, पण प्रेमाने. तो गातो, नाचतो, आणि जेवताना बापापुढे मांस कापून वाढतो. तारुण्यच ते. आपल्या घरातल्या विशीतल्या चिरंजीवांचा आरशासमोरचा वेळ आठवला की हे लगेच पटतं.

पुढे येते एका मठाची प्रमुख जोगीण. तिचं डोक्यावरचं वस्त्र चुण्या घालून नीट बसवलेलं, झगा सुबक, नाक रेखीव, डोळे काचेसारखे करडे, ओठ लहान आणि लाल. आणि कपाळ जवळजवळ वीतभर रुंद, असं चॉसर सांगतो. आता थांबा. जोगिणीचं कपाळ वस्त्राखाली झाकलेलं असायला हवं. मग ते वीतभर आहे हे याला दिसलं कसं? त्या काळात रुंद कपाळ हे सौंदर्याचं लक्षण होतं. म्हणजे बाईंनी ते वस्त्र जरा वरच सरकवलं होतं! हातात पोवळ्यांची जपमाळ, मधले मोठे मणी हिरवे, आणि माळेला सोन्याचं पदक. पदकावर मुकुट घातलेलं एक अक्षर आणि खाली प्रेम सगळ्यांना जिंकतं अशा अर्थाची लॅटिन अक्षरं. कोणाचं प्रेम? देवाचं की आणखी कोणाचं? चॉसर सांगत नाही. पदकाचं वर्णन केलं आणि पुढच्याकडे वळला.

या बाई मायाळूही आहेत. सापळ्यात उंदीर सापडला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आपल्या छोट्या कुत्र्यांना त्या भाजलेलं मांस, दूध आणि पांढरी पाव खायला घालतात. पांढरी पाव त्या काळी श्रीमंतांच्या ताटात असे. दाराशी आलेल्या भुकेल्याला काय मिळतं, याचा उल्लेख नाही. हा 'उल्लेख नाही' आपण लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

मग मठातला साधू. याच्या बाह्यांच्या टोकाला राखाडी फर लावलेली, देशातली उत्तमातली उत्तम. हनुवटीखाली टोपी बांधायला सोन्याची पिन, तिला प्रेमाची गाठ. बूट मऊसूत. डोक्याचं टक्कल काचेसारखं चकाकतंय, चेहराही तेल लावल्यासारखा. आवडता पदार्थ भाजलेला हंस. मठाचे नियम जुने झाले, आता काळ बदलला, असं त्याचं मत. आणि आपला भोळा निवेदक म्हणतो, मीही त्याला म्हटलं, बरोबर आहे तुझं! साधू गरिबीचं व्रत घेतो. ते व्रत कुठे मोडलं हे सांगायला चॉसरला प्रवचन करावं लागलं नाही. मनगटाजवळची दोन बोटं फर पुरली.

व्यापारी आहे. दुभागलेली दाढी, रंगीबेरंगी कापड, डोक्यावर फ्लँडर्सहून आणलेली बीव्हरच्या कातडीची टोपी. घोड्यावर ऐटीत बसतो, बोलणं सगळं नफ्याचं. आणि मग चॉसर हळूच सांगतो, हा कर्जात आहे हे कोणाला कळतसुद्धा नव्हतं. मंडळी, ही टोपी मी लीजवर घेतलेल्या गाड्यांच्या रूपात पार्किंगमध्ये अनेकदा पाहिली आहे. आजच्या पार्किंगबद्दल मी काही बोलत नाही!

आणि सगळ्यांची लाडकी, बाथ गावाजवळची बाई. पाच नवरे झालेत, तीन वेळा जेरुसलेमला जाऊन आली आहे, आणि कापड विणण्यात तिने यप्रं आणि घेंट या त्या वेळच्या नामवंत पेठांना मागे टाकलंय. रविवारी चर्चला जाताना ती डोक्यावर जी वस्त्रं घालते, त्यांचं वजन दहा पौंड भरेल अशी चॉसर पैज मारतो. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. आपल्याकडे लग्नात शालू आणि दागिने मिळून नवरीवर जेवढं ओझं असतं, तेवढं हिच्या नुसत्या डोक्यावर! पायमोजे भडक लाल, घट्ट ओढलेले. बूट नवे कोरे. प्रवासाची टोपी ढालीएवढी रुंद. पण हे कापड तिने स्वतःच्या कसबावर मिळवलंय. तिच्या कपड्यांत बढाई आहे, तशीच कमाईही आहे. आणि आणखी एक तपशील, ती एका कानाने जरा बहिरी आहे. प्रस्तावनेत कारण दिलेलं नाही. पुढे ती स्वतःच सांगते. पाचवा नवरा बायकांची निंदा करणारं पुस्तक रोज रात्री वाचून दाखवायचा. हिने त्याची पानं फाडली, तेव्हा त्याने कानावर मारलं. म्हणजे ज्या गोष्टीला आपण आधी व्यंग म्हणून हसलो, ती जखम निघाली. माणसाच्या शरीरावर त्याचा इतिहास लिहिलेला असतो आणि तो दरवेळी त्याच्याच हाताने लिहिलेला नसतो, हे चॉसरला माहीत होतं.

आता एक प्रश्न. लोकांचं कपड्यांकडे एवढं लक्ष का होतं? याला त्या काळाचं कारण आहे. १३४८-४९ साली प्लेगची मोठी साथ आली आणि इंग्लंडातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. जी उरली त्यांची मजुरी वाढली. कालपर्यंत फाटकं घालणारा माणूस चांगलं कापड घ्यायला लागला. वरच्या लोकांना ते खुपलं. १३६३ साली पार्लमेंटने कायदाच केला की कोणत्या दर्जाच्या माणसाने किती किमतीचं कापड वापरायचं, कोणी फर घालायची, कोणी सोन्या-चांदीला हात लावायचा नाही. हा कायदा काही टिकला नाही, दोन वर्षांच्या आत मागे घ्यावा लागला. पण यावरून कळतं की कपडा ही खासगी बाब नव्हतीच. तुझी पायरी कोणती, याचा तो जाहीर दाखला होता. चॉसरच्या यात्रेत सुतार, विणकर, रंगारी असे पाच कारागीर आहेत, सगळ्यांचा एकच संघटनेचा पोशाख. त्यांच्या चाकूंच्या म्यानांना पितळ नव्हे, चांदी मढवली आहे, एवढं तो मुद्दाम सांगतो. त्या चांदीत केवढी आकांक्षा आहे पाहा! कपड्यांवरून माणसाची पायरी ठरवणं आपल्याला काही परकं नाही. आपल्याकडे कोणी काय नेसायचं, पायात जोडा घालायचा की नाही, हे जातीवरून ठरवलं जात होतं, आणि त्यासाठी माणसांनी अपमान आणि मार सोसलेला आहे.

कपड्यांइतकंच शरीरही. आपल्याकडे सामुद्रिकशास्त्र होतं, तसं त्यांच्याकडेही चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचं 'शास्त्र' होतं. त्यातलं एक प्रसिद्ध पुस्तक अरबीतून लॅटिनमध्ये आलेलं होतं. शिवाय शरीरात चार रस असतात आणि त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावर स्वभाव ठरतो, असं वैद्यक मानत होतं. पित्तप्रकृतीचा माणूस तापट आणि किडकिडीत. चॉसरचा कारभारी तसाच आहे, पाय काठीसारखे, पोटऱ्याच नाहीत, तलवार गंजलेली, आणि तांड्याच्या सगळ्यात शेवटी राहून सर्वांवर नजर ठेवणारा. उलट पिठाच्या चक्कीवाला दांडगा, दाढी कोल्ह्यासारखी लाल आणि फावड्यासारखी रुंद, नाकाच्या शेंड्यावर चामखीळ आणि तिच्यावर लाल केसांचा झुबका. दार डोक्याने धडक मारून फोडतो. धान्य चोरतो आणि मापात तिप्पट घेतो.

इथे मात्र मला चॉसरपासून थोडं लांब उभं राहावंसं वाटतं. धर्मकोर्टाचं समन्स बजावणारा एक माणूस आहे. त्याचा चेहरा लालभडक, पुटकुळ्यांनी भरलेला, दाढी झडलेली, मुलं त्याला पाहून घाबरतात. पारा, गंधक, टाकणखार, सगळं लावून झालं, गुण नाही. त्या काळच्या वाचकाला यात पापी माणूस दिसायचा. आज आपल्याला दिसतो त्वचेच्या आजाराने गांजलेला माणूस, ज्याला औषध मिळालं नाही. तो लाच घेतो हा त्याचा दोष. चेहरा हा त्याचा दोष नव्हे. चामखीळ, टक्कल, दातांतली फट, यांच्यावरून वृत्ती कळते असं मानणं आपण सोडून दिलं आहे, निदान सोडायला हवं. माणूस जे निवडतो त्यातून तो कळतो. फरची बाही साधूने निवडली. चेहरा कोणी निवडत नाही.

आता मी आजच्या कार्यक्रमाकडे येतो. कारण या यात्रेत पैसे मागणारे आणि देणारे पुष्कळ आहेत.

एक फिरता भिक्षू आहे. गरिबांसाठी भिक्षा मागायची, त्यावर जगायचं, हे त्याचं काम. पण याचा आखूड झगा उत्तम दुहेरी लोकरीचा आणि घंटेसारखा गोल फुललेला, झिजलेल्या भिक्षुकाच्या झग्यासारखा मुळीच नाही. टोपीच्या टोकात छोटे चाकू आणि टाचण्या भरलेल्या, देखण्या बायकांना भेट द्यायला. प्रत्येक गावातल्या दारूच्या गुत्त्यांची त्याला माहिती, महारोगी आणि भिकारी यांच्याशी मात्र संबंध नाही. तशा लोकांशी ओळख ठेवणं बरं दिसत नाही ना!

आणि याच ठिकाणी चॉसर एक ओझरतं वाक्य टाकतो. म्हणतो, याचं बोलणं इतकं गोड की एखाद्या विधवेच्या पायात जोडा नसला, तरी तिच्याकडूनही हा निघण्यापूर्वी एक फार्दिंग घेऊन जायचा. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग.

मंडळी, साऱ्या प्रस्तावनेत मला सगळ्यात जास्त छळणारा कपड्यांचा तपशील हा आहे. ती विधवा यात्रेत नाही. तिला नाव नाही, चेहरा नाही, गोष्ट सांगायची संधी नाही. तिच्याबद्दल एकच गोष्ट कळते, पायात जोडा नाही. आणि तिच्या त्या अनवाणी पायांवरून आपल्याला तिचा स्वभाव कळतच नाही. कळतो तो समोर उभ्या असलेल्या भिक्षूचा.

दुसरा आहे पापाची माफीपत्रं विकणारा. केस मेणासारखे पिवळे, पातळ बटा खांद्यावर सोडलेल्या, ही नवी फॅशन आहे असं त्याला वाटतं. जवळच्या काचेच्या बाटलीत डुकराची हाडं आहेत, ती तो संतांच्या अस्थी म्हणून दाखवतो. एक उशीचा अभ्रा आहे, तो मेरीमातेचा पदर म्हणून सांगतो. एखादा गरीब गावपाद्री दोन महिन्यांत जेवढं मिळवत नाही, तेवढं हा एका दिवसात गोळा करतो. त्याचं सारं कसब म्हणजे उशीच्या अभ्र्याला पदर म्हणून खपवणं. कपड्याला खोटी गोष्ट चिकटवायची आणि तिच्यावर पैसे जमवायचे.

आता दुसरी बाजू. ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी आहे. घोडा दाताळ्यासारखा हाडकुळा, तो स्वतःही पोकळ दिसणारा. वरचा कोट इतका झिजलेला की सूत दिसतंय. याला मित्र पैसे देतात. आजच्या भाषेत स्कॉलरशिप. तो ते सगळे पुस्तकांवर खर्च करतो आणि देणाऱ्यांसाठी मनापासून प्रार्थना करतो. देणगी कुठे गेली याचा हिशेब त्याच्या कोटावर दिसतो. आपल्या खजिनदारांनी इतका सोपा ऑडिट रिपोर्ट कधी पाहिला नसेल.

आणि आता तो गावपाद्री. प्रस्तावनेत याचं वर्णन चांगलं लांबलचक आहे. पण गंमत पाहा, त्यात याचे कपडे नाहीत. चेहरा नाही, केसांचा रंग नाही, नाक नाही. इतका बारीक डोळा असलेला कवी इथे काही पाहतच नाही. फक्त एक गोष्ट सांगतो, हातात काठी. का? तर याच्या हद्दीतली घरं लांब लांब आहेत, आणि पाऊस असो, गडगडाट असो, आजारी आणि अडलेल्या माणसाकडे हा पायी जातो. लोकांनी दिलेल्या दानातून आणि स्वतःच्या पदरचंही गरिबांना देतो. आधी करतो आणि मग सांगतो.

मला वाटतं, चॉसरने हे जाणूनबुजून केलंय. ज्याला स्वतःकडे लोकांनी पाहावं अशी इच्छाच नाही, त्याचे कपडे दिसत नाहीत. त्याच्याकडे पाहिलं की तो ज्या वाटेने जातोय ती वाट दिसते.

त्याच्याबरोबर त्याचा भाऊ आहे, शेतकरी. शेणखताच्या गाड्या ओढलेला, एखाद्या गरिबासाठी पैसे न घेता मळणी करणारा, खणणारा. त्याच्या कपड्याचा मात्र एका शब्दात उल्लेख येतो. त्याच्या अंगात 'टॅबर्ड' आहे, म्हणजे कष्टकऱ्यांचा साधा, बिनबाह्यांचा अंगरखा. आणि आठवतंय, त्या धर्मशाळेचं नाव काय होतं? टॅबर्डच. साधू, जोगीण, व्यापारी, वकील सगळे ज्या पाटीखालून आत आले, त्या पाटीवरचा कपडा फक्त या शेतकऱ्याच्या अंगावर आहे.

आता शेवटचे दोन शब्द, आणि मग मसालेभात.

आपल्यापैकी पुष्कळजण या देशात आले तेव्हा त्यांच्याकडे कपड्यांवरूनच पाहिलं गेलं. कोणाच्या उसन्या कोटावरून, कोणाच्या साडीवर घातलेल्या स्वेटरवरून. पाहणाऱ्याने काय ठरवलं ते त्याच्या नजरेत वाचता यायचं. म्हणून आपण तरी दुसऱ्याकडे पाहताना जपायला हवं.

निधी जमवायचा म्हटलं की पत्रकावर फाटक्या सदऱ्यातल्या मुलाचा फोटो छापायचा मोह होतो. त्याने पैसे जास्त जमतात हे मला ठाऊक आहे. पण त्या मुलालाही त्या विधवेसारखं आपण नाव देत नाही, गोष्ट देत नाही, फक्त फाटका सदरा देतो. आणि मग तो फोटो त्या मुलाबद्दल काही सांगत नाही, आपल्याबद्दल सांगतो. आजच्या या पुस्तिकेत असा एकही फोटो नाही. समितीने तसं ठरवलं याबद्दल मी तिचं जाहीर अभिनंदन करतो. माझी विनंती एवढीच की पुढच्या वर्षीही, निधी थोडा कमी जमला तरी, हे असंच राहू द्या.

गणवेश ही मोठी न्यायी वस्तू आहे. तो घातल्यावर कोणाच्या बाहीला फर आणि कोणाच्या कोटाचं सूत, हे निदान शाळेच्या वेळात तरी दिसेनासं होतं. मग शिक्षकांना मुलीचा प्रश्न ऐकू येतो, मुलाचं उत्तर ऐकू येतं. त्या मुलामुलींना कपड्यांवरून कोणी ओळखू नये, त्यांनी आपली गोष्ट स्वतः सांगावी, यासाठी आपण पैसे देतो आहोत.

दाराजवळच्या टेबलावर देणगीचे फॉर्म आहेत. चेक मंडळाच्या नावाने लिहावा. रक्कम किती ते प्रत्येकाने आपल्या खिशाप्रमाणे ठरवावं. त्या विधवेच्या फार्दिंगचा हिशेब कोणी दिला नाही. आपल्या पेनी-पेनीचा हिशेब वर्षअखेरच्या सभेत सर्वांसमोर वाचला जाईल, आणि तो ऐकायला आपण सगळे हजर राहू या.

आता खुशाल जेवायला बसा.